गाळाला हात लावायचा नाही

आक्कांच्या नाकाचा दरारा असा, की शहाण्या माणसाने त्यांच्यासमोर खोटं बोलण्याआधी आंघोळ करून यावं. अकरा वर्षं सांडपाण्याच्या प्लांटवर मुरलेलं नाक ते. सकाळी फाटक उघडून चार पावलं आत टाकली की त्या सांगायच्या, "काल कुणीतरी ग्रीसचे हात रॉकेलने धुऊन मोरीत सोडलंय," नाहीतर "वरच्या गल्लीत रंगकाम निघालेलं दिसतंय." आणि ते खरंच निघायचं. शिक्षण म्हणाल तर चौथी, तीही पूर्ण नाही. पण बाराशे घरांची घाण जिच्या हाताखालून रोज जाते, त्या बाईला माणसं ओळखायला आणखी कुठलं पुस्तक लागतं?

प्लांट वस्तीच्या अगदी खालच्या टोकाला होता. तारेचं कुंपण, एक पत्र्याची खोली आणि ओळीने तीन टाक्या. पहिल्या टाकीच्या तोंडाशी जाळी. लोक मोरीत काय काय सोडतात ते त्या जाळीला विचारावं. केसांचे पुंजके, मोजे, लेकरांची खेळणी, एकदा तर दातांची कवळी आली होती. आक्कांनी ती धुऊन फाटकाला टांगून ठेवली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तोंडावर रुमाल धरून घेऊन गेलं. रुमाल कशासाठी धरला होता ते साऱ्या वस्तीला कळलं.

दुसरी टाकी हवेची. तळातून ब्लोअर रात्रंदिवस हवा सोडायचा, त्यामुळे पाणी सारखं उकळी फुटल्यासारखं दिसायचं. रंग कडक कॉफीचा, वर बोटभर फेस. त्या पाण्यात गाळ फिरायचा, आणि खरं सांगायचं तर तो गाळ म्हणजेच प्लांट. बाकीचं नुसतं सिमेंट. त्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते घाण खाऊन जगतात. तिसऱ्या टाकीत पाणी शांत व्हायचं, गाळ तळाला बसायचा, पंप त्याला उचलून परत दुसऱ्या टाकीत नेऊन घालायचा. वर राहिलेलं नितळ पाणी चरातून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला जायचं. बसने अर्धा तास खाली गेलं की त्याच नदीच्या काठी आक्कांच्या लेकीचं सासर होतं.

त्या सासरच्या मुख्य मालकीणबाई, म्हणजे आक्कांच्या विहीणबाई, सध्या आठ दिवसांसाठी आक्कांकडे मुक्कामाला होत्या. निमित्त गुडघ्यांचं. वस्तीत गुडघ्यांचा चांगला डॉक्टर होता. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आक्कांच्या दोन खोल्यांत त्या राहत होत्या आणि दिवसभर खणखणत होत्या.

"तुमच्या वस्तीचं उष्टंखरकटं आमच्या दारावरून वाहतं हो विहीणबाई," असं विहीणबाई म्हणायच्या.

"वाहतं ना. पण जावईबापू हातपाय धुऊन जेवायला बसतात त्यापेक्षा चारपट स्वच्छ होऊन वाहतं," असं उत्तर आक्कांकडे तयार असायचं.

मंगळवारी विहीणबाईंनी हट्टच धरला. दिवसभर तुम्ही तिथे करता तरी काय, ते मला बघायचंय. आक्कांनी त्यांना रिक्षात घालून प्लांटवर आणलं, पत्र्याच्या खोलीबाहेर सावलीत खुर्ची दिली, हातात चहाचा कप दिला. आणि नेमके तेव्हाच अध्यक्ष आले.

अध्यक्ष म्हणजे वस्तीच्या समितीचे अध्यक्ष. जन्म कापडाच्या दुकानात गेलेला. शर्टाला सुरकुती पडली तर ताप येईल असा माणूस, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे 'इस्त्री' म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. रस्त्यावरचा कागद स्वतः वाकून उचलायचा. त्यांच्या मागे समितीचे दोघे मान डोलवणारे, आणि सगळ्यांच्या मागे पाना हातात घेऊन आक्कांचा थोरला. तो प्लांटवरच फिटर होता. आईकडे न बघता जमिनीकडे बघत आला, तेव्हाच आक्कांना वास आला.

"आक्का, गुरुवारी पाहुणे येतायत," अध्यक्ष म्हणाले. "स्वच्छ वस्तीचं बक्षीस. निवडलेल्या शेवटच्या तीन वस्त्यांत आपण आहोत."

"येऊ देत की. गवत कापलंय, भिंतीला चुना दिलाय."

अध्यक्ष हवेच्या टाकीच्या कठड्याशी गेले, खाली वाकून बघितलं आणि नाकाला रुमाल लावला. "आणि हे? हे काय दाखवायचं त्यांना? स्वच्छतेचं बक्षीस मागायचं आणि हा चिखल पुढे करायचा?"

"हा चिखल आहे म्हणून तर स्वच्छता आहे."

"ते असो. मी ठरवलंय. ही टाकी आज खाली करायची. खालचा व्हॉल्व्ह उघडा, ओढ्याला सोडून द्या. उद्या भिंती घासून घ्यायच्या, नळाचं पाणी भरायचं. गुरुवारी कशी आरशासारखी दिसली पाहिजे. पाहुणे गेले की चालू द्या तुमचं पुन्हा."

मान डोलवणाऱ्यांनी मान डोलवली.

टाकीच्या कोपऱ्यात खड्ड्यावर लोखंडी झाकण होतं, त्याच्या खाली तो व्हॉल्व्ह. आक्का शांतपणे चालत गेल्या आणि त्या झाकणावर मांडी घालून बसल्या. देहयष्टी भरभक्कम. बसल्या की बसल्या.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले.

"बसलेय. ह्या गाळाला हात लावायचा नाही."

"आई, ऊठ ना," थोरला हळूच म्हणाला. "साहेबांनी सांगितलंय."

"तू गप बस. तुला मी नंतर बघते."

"आक्का, समजून घ्या," अध्यक्षांनी आवाज मऊ केला, गिऱ्हाइकाला दुसरा कपडा दाखवावा तसा. "दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"साहेब, घरी दही लावता?"

"आं?"

"तुमच्या बाईसाहेब लावत असतील. रोजच्या दह्यातलं चमचाभर मागे ठेवतात ना? का ठेवतात? विरजणच मोरीत ओतलं तर उद्याचं दूध नुसतं नासेल. हा गाळ म्हणजे बाराशे घरांचं विरजण आहे. हा गेला की मागून येईल ती घाण खाणारं टाकीत कुणी उरत नाही. जशी आली तशी नदीला जाईल. आणि टाकीभर गाळ एकदम ओढ्यात सोडलात, तर पाण्यातली हवा तोच पिऊन टाकेल. मासे गुदमरून मरतील."

"दह्याची गोष्ट घरी सांगा हो," अध्यक्ष हसले. मागचे दोघेही हसले. "चिखल तो चिखल. आज सोडला तर दोन दिवसांत पुन्हा साचेल. घाण काय, कधी कमी पडलीय का आपल्याला?"

"दोन दिवसांत नाही साचत."

"कशावरून?"

"नाही साचत म्हणून सांगते ना!"

"पण कशावरून? कागद दाखवा. कुठे लिहिलंय? तुम्ही कधी टाकी खाली करून बघितलीय? नाही ना? मग तुम्हाला काय माहीत?"

आणि इथे आक्का गप्प झाल्या.

आक्का गप्प झालेल्या थोरल्याने जन्मात बघितल्या नव्हत्या. त्याने मान वर केली. तिकडे सावलीत विहीणबाईंनी कप खाली ठेवला. विहीणबाईंचे कान गुडघ्यांसारखे नव्हते, चांगले तिखट होते.

आक्कांना माहीत होतं. तेच तर दुखणं होतं.

अकरा वर्षांपूर्वी, प्लांट नवा होता तेव्हा, एक तरुण इंजिनीयर तो चालवायचा आणि आक्कांना नुकतंच राखणीला ठेवलं होतं. इंजिनीयर चार दिवस घरी गेला. जाताना म्हणाला, मावशी, नुसतं लक्ष ठेवा. आता आक्का म्हणजे जिच्या घरात पातेल्याच्या बुडात तोंड बघून भांग पाडावा अशी बाई. त्यांना ती टाकी बघवेना. पगार घ्यायचा आणि असली घाण ठेवायची? लोक काय म्हणतील? दुसऱ्याच दिवशी त्यांनी व्हॉल्व्ह उघडला, सगळा गाळ ओढ्याला लावला, बांबूला ब्रश बांधून टाकीच्या भिंती घासल्या आणि स्वच्छ पाणी भरून ठेवलं. इंजिनीयर परत आला तेव्हा आक्का फाटकात उभ्या होत्या, शाबासकी घ्यायला. तो टाकी बघून मटकन पायरीवर बसला. "मावशी," म्हणाला, "तुम्ही विरजण फेकलंत हो." नवा गाळ तयार व्हायला तेवीस दिवस लागले. तेवीस दिवस वस्तीची घाण जशीच्या तशी नदीत गेली. इंजिनीयरने कागदावर लिहिलं, वीज गेली होती. महिन्याभराने त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली आणि तो गेला. आक्का राहिल्या, आणि ती गोष्ट त्यांच्या पोटात राहिली.

एवढंच असतं तर आक्कांनी ती केव्हाच हसत सांगून टाकली असती. पण त्याच महिन्यात लेकीचं लग्न झालं होतं. लेक सासरी गेली आणि आठव्या दिवशी त्या गावची नदी काळी पडली. मासे पोट वर करून तरंगले. पोहणाऱ्या पोरांच्या अंगाला खाज सुटली, काठची भाजी नासली. गावाला वीजबीज काय माहीत? गावाला नवी सून दिसत होती. पांढऱ्या पायाची म्हणाले तिला. नदी तेवीस दिवसांनी सुधारली, पण नाव कधी सुधारतं का? कुणाची गाय मेली तरी हिच्याकडे बघायचे. कुणाकडे बाळ झालं तर सगळ्या बायका बघायला जायच्या, हिला म्हणायचे, तू नंतर ये हं. लेक माहेरी येऊन रडायची. आक्का तिला जवळ घ्यायच्या, त्या गावाला शिव्यांची लाखोली वाहायच्या, आणि जे सांगायचं ते सांगायच्या नाहीत. आज सांगू, उद्या सांगू. अकरा वर्षं अशी गेली.

आणि आता ती विहीण दहा पावलांवर बसली होती.

"बघा," अध्यक्ष म्हणाले, "काही उत्तर नाही. फिटर, आईला हाताला धरून उठव."

थोरला एक पाऊल पुढे आला.

"खबरदार!" आक्का कडाडल्या. "कशावरून विचारता ना? मग ऐका. मी केलंय. ह्याच हातांनी. अकरा वर्षांपूर्वी हीच टाकी मी खाली केली, घासली, आरशासारखी केली. तुमच्यासारखीच अक्कल पाजळली. तेवीस दिवस लागले गाळ परत यायला. दोन नाही, तेवीस! नदी मेली होती तेवढे दिवस. वीज गेली नव्हती. मी होते ती. हवं तर लिहून घ्या, अंगठा नको, सही करते."



सावलीतून विहीणबाईंचा आवाज आला. अगदी हळू. "कुठला महिना होता?"

आक्कांनी मान फिरवली नाही. "तुमच्याकडे लग्न झालं तो. आठव्या दिवशी."

विहीणबाई उठल्या. एरवी त्यांना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागायची. आता कुणाची वाट बघितली नाही. एकेक पाऊल टाकत, दातओठ खात त्या टाकीकडे आल्या. अध्यक्ष बाजूला झाले. थोरल्याने डोळे मिटून घेतले. आता कानाखाली वाजणार, ह्याबद्दल तिथल्या कुणालाच शंका नव्हती, आक्कांनाही नव्हती. त्यांनी गाल तसाच वर ठेवला.

"सरका," विहीणबाई म्हणाल्या.

"काय?"

"सरका म्हणते! सगळं झाकण अडवून बसलायत." आणि विव्हळत, आक्कांच्या खांद्याचा आधार घेत, त्या शेजारी बसल्या. "विहीणबाई, तुमच्याशी मला भांडायचंय. ते मी घरी भांडणार आहे आणि पोटभर भांडणार आहे. पण अहो इस्त्री—"

अध्यक्षांनी दचकून बघितलं. हे नाव तोंडावर कुणी घेतलं नव्हतं. आक्कांच्या घरात चार दिवस काढल्याचा तो परिणाम.

"त्या तेवीस दिवसांत मी काय बघितलंय ते मला विचारा. माझा नातू आज त्या पाण्यात पोहतो. एका बक्षिसासाठी तुम्ही आमच्या दारात ही घाण सोडणार? सोडा. मी ह्या झाकणावरून उठत नाही. नाहीतरी मला उठता येत नाही. डॉक्टरला विचारा."

अध्यक्ष फिटरकडे वळले. फिटरने पाना खिशात घातला. त्याची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची होती, आणि करार अध्यक्षांच्या सहीने व्हायचा. हे त्याला माहीत होतं, आणि त्याच्या आवाजातही ते ऐकू आलं. पण तो म्हणाला, "साहेब, एक माझी आई आणि एक बहिणीची सासू. मला नाही जमणार. तुम्ही उठवून बघा."

अध्यक्षांनी दोघींकडे बघितलं. मग स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. आणि गेले.

गुरुवारी पाहुणे आले. अध्यक्षांनी हवेच्या टाकीपुढे निळं कापड लावलं होतं, दुकानातलं, चांगल्यापैकी. आक्कांनी पाहुण्यांसमोर ते एका हिसक्यात ओढून काढलं आणि म्हणाल्या, "बघायला आलात ना? मग बघा. वस्ती इथे स्वच्छ होते." दोघांनी बघितलं, एकाने नाक धरलं. बक्षीस दुसऱ्या वस्तीला गेलं. त्या वस्तीचं सांडपाणी कुठे जातं, ते कुणी विचारलं नाही. अध्यक्षांनी पुढे चार महिने आक्कांशी बोलणं टाकलं. आक्कांना तेवढीच शांतता.

पण ह्या सगळ्याच्या आधी मंगळवारची संध्याकाळ होती. विहीणबाईंनी कबूल केल्याप्रमाणे भांडण केलं. चहा थंड झाला, पुन्हा केला, पुन्हा थंड झाला. "माझ्या घरात माझी सून अकरा वर्षं खाली मान घालून वावरली, आणि तुम्ही इकडे तोऱ्यात!" शेवटी विहीणबाईंचा घसा बसला तेव्हा त्यांनी फोन लावला आणि आक्कांच्या हातात दिला. "सांगा तिला. तुमच्या तोंडाने."

आक्कांनी सांगितलं. 'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडाला सवयीचा नव्हता. नव्या चपलेसारखा चावला.



"आई," लेक म्हणाली, "गाळ वाचवायचा होता तेव्हा तुला तोंड फुटलं. माझ्यासाठी अकरा वर्षं नाही फुटलं."

आक्कांनी खोटं उत्तर तयार केलं नाही. "नाही फुटलं," त्या म्हणाल्या.

"आता सासूबाईंना दे."

विहीणबाईंनी फोन घेतला. त्या नुसतं "हो" म्हणत होत्या. "हो. हो गं. पांढऱ्या पायाची पहिल्यांदा मीच म्हणाले होते. गावाने माझंच उचललं." मग, "विचारते." त्यांनी फोनवर हात ठेवला. "ती म्हणते, घरात बसून मला काय सांगता. जिथे नाव पडलं तिथे येऊन सांगा. रविवारी, धुण्याच्या घाटावर. सगळ्या असतात तेव्हा."

"सांगा, येते म्हणावं," आक्का म्हणाल्या.

रविवारी दोघी विहिणी पहिल्या बसने निघाल्या. बसमध्ये एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण खिडकीची जागा आक्कांनी विहीणबाईंना दिली.

घाटावर वीस-पंचवीस बायका होत्या. कपडे आपटत होत्या, गप्पा चालल्या होत्या. लेक सगळ्यांत खालच्या टोकाला, तिच्या नेहमीच्या जागेवर होती. तिच्या हातून वाहत गेलेलं पाणी कुणाच्या कपड्यांना लागू नये म्हणून तिला तीच जागा होती. आईला बघून ती उठली नाही. चादर पिळत राहिली.

आक्का सगळ्यांत वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. पाण्याचा त्यांनी एकदा खोल वास घेतला, सवयच ती. मग दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"बायांनो, धुणं थांबवा जरा. मी हिची आई. अकरा वर्षांपूर्वी ही नदी काळी झाली होती, आठवतं ना? ती मी केली होती. वर प्लांटवर मी टाकी धुतली आणि घाण तुमच्याकडे सोडली. हिच्या पायांचा त्यात काही संबंध नाही. पाय हिचे चांगले आहेत. हात माझे वाईट होते. आणि हे सांगायला मला अकरा वर्षं लागली, तेही वाईट. आता ज्यांना शिव्या द्यायच्यात त्यांनी मला द्या, मी उभी आहे. ज्यांनी हिला नावं ठेवली, बाळं दाखवली नाहीत, त्यांनी पण पुढे या. त्यांना मी देते."

कुणी पुढे आलं नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "अगं बाई, मग आमची ती गाय?"

"गाय तुमची म्हातारी होती!" मागून विहीणबाई ओरडल्या.

कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी दोघी. लेक हसली नाही. तिने पिळलेली चादर खांद्यावर टाकली, बादली उचलली, आणि एकेक पायरी चढत वर आली. आईपाशी थांबली नाही. पार वरच्या टोकाला, जिथून पाणी पहिल्यांदा घाटाला लागतं, तिथे गेली. तिथे एक बाई धुणं घेऊन बसली होती.

"सरक," लेक म्हणाली, अगदी आईच्या आवाजात.

ती बाई सरकली.